हळू म्हणजे सावकाश नव्हे

प्रश्न : काका, सलाम. नाताळाच्या आधी आमच्या चर्चच्या मंडळीत ड्रमसेट आला आणि वाजवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दर रविवारी उपासना सुटली की एखादे पंच येऊन सांगतातच, "हळू वाजव रे." हळू वाजवलं की गाणं मरतं, मग गाणी चालवणारा वर्शिप लीडर डोळे वटारतो. नम्रपणे वाजवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?
– एक तरुण वाचक, श्रीरामपूर

उत्तर : सलाम. सगळा घोटाळा 'हळू' या शब्दाचा आहे. पंच सांगतात आवाज कमी कर, तुझे हात ऐकतात गती कमी कर. गाणं मरतं ते लय ढिली पडते म्हणून. घरी उशी मांडीवर घे, मोबाइलवर लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर लाव आणि काठी चार बोटांपेक्षा वर न उचलता रोज दहा मिनिटं वाजव. साठला इतकं हळुवार वाजवणं किती अवघड आहे ते दोन दिवसांत कळेल. जोरात वाजवणं त्यामानाने सोपं. मी सहा वर्षं तेच केलं.

आमच्या देवळात डाव्या बाजूला पहिल्या बाकावर एक निवृत्त शिक्षिका बसत. गीतांचं पुस्तक हातात असायचं, पण उघडत नसत, सगळं पाठ. काही महिन्यांनी त्या चौथ्या बाकावर गेल्या, मग शेवटच्या, मग थेट व्हरांड्यात. मला वाटलं, पंख्याचा वारा सोसत नसेल. एका रविवारी सहज म्हणून शेवटच्या बाकावर मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवला. घरी ऐकलं तर दगडी भिंतींवर आपटून आलेला माझा स्नेअर, म्हणजे खाली तारा असलेला ड्रम, आणि क्रॅश, म्हणजे मोठी झांज. पेटी नाही, शब्द नाहीत. पौलाने करिंथकरांना लिहिलेली ती प्रीतीवाचूनची झणझणणारी झांज म्हणजे मीच, हे कळायला दुसऱ्या कुणाची गरज उरली नाही. तूही येत्या रविवारी मोबाइल ठेवून बघ.

पायाने वाजवायच्या किक ड्रममध्ये जुनी गोधडी कोंब. कडव्याला स्नेअरवर पूर्ण फटका नको, काठी आडवी टेकवून कडेवर नुसतं 'टक'. हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटायची झांजांची जोडी, मिटलेली ठेव; अर्धी उघडी राहिली की तिच्या सळसळीत 'स', 'श', 'च' बुडतात आणि म्हाताऱ्यांना ओळ कळत नाही. क्रॅश गाण्यात एकदा, तोही शब्द संपल्यावर. ड्रमभोवती काचेच्या पिंजऱ्याचा खर्च कुणी सुचवला तर मी नको म्हणेन. आत बसलं की मंडळी ऐकू येत नाही, आणि ऐकायचं तर तिलाच असतं.

नारायण वामन टिळकांचं भजन निघालं की काठ्या खाली ठेवायला लाजू नकोस. तबल्याने आठ मात्रांचा भजनी ठेका धरलेला असताना तू दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर स्नेअर मारलास, तर दोन जाडे पाहुणे एकाच दारात अडकावेत तसं होतं. फार तर पायाने समेला बारीकसा ठोका दे. माझे वडील ढोलकी वाजवायचे. पहिलं कडवं ते नुसते मान हलवत बसायचे.

आणखी एक. पाळक प्रार्थनेला उभे राहिले की स्नेअरखालच्या तारांचा खटका सोड. नाहीतर कीबोर्डच्या खर्जाने त्या आपोआप थरथरतात, आणि डोळे मिटलेली सगळी मंडळी समजते की तुझाच हात चाळवलाय.