तापाची पलटण आणि ‘तैनाती फौज’

एस्टोनियातल्या तापा या गावी २०१७ पासून नाटोची पलटण आहे, नेतृत्व ब्रिटिशांचं. तिचा उल्लेख ‘एस्टोनियातली तैनाती फौज’ असा वाचून एकाने विचारलंय, हे बरोबर आहे का?

व्याकरणात चूक नाही. कानाला मात्र खटकतं, आणि खटकायलाच हवं.

‘तैनात’ मूळ अरबी, आपल्याकडे फारसीतून आला. अर्थ नेमणूक. पेशवाईच्या कागदांत नेमणुकीच्या पगारालाही तैनात म्हणत, म्हणून ‘तैनातजाबता’, म्हणजे नेमणुकीच्या पगाराचा तपशील. ‘बंदोबस्ताला शंभर पोलीस तैनात’ म्हणताना तो पगार कुणाच्या डोक्यात नसतो. पण तैनातीपुढे ‘फौज’ आली की वसईचा तह आठवतोच. ३१ डिसेंबर १८०२. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी कंपनीचं निदान सहा हजार पायदळ, त्याच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख, आणि कंपनीला विचारल्याखेरीज इतर सत्तांशी बोलणी बंद.

तापात यातलं काय आहे? पलटणीचा पगार ती पाठवणारा देश देतो. एस्टोनिया बराकी बांधतो, सरावाला मैदानं देतो. जेमतेम १३-१४ लाख वस्तीचा हा देश २००४ साली आपण होऊन नाटोत गेला. तिथे तरुणांना सक्तीची लष्करी सेवा आहे, २०२४ साली देशाच्या सकल उत्पन्नाचे तीन टक्क्यांहून जास्त पैसे संरक्षणावर गेले. अफगाणिस्तानात त्याचे नऊ सैनिक मारले गेले. म्हणजे कुमक नुसती येत नाही, जातेही. बाजीरावाच्या तहाशी याची सोयरीक जुळवणं अवघड आहे.

गंमत अशी की खरी तैनाती फौज एस्टोनियाने भोगलेली आहे. २८ सप्टेंबर १९३९ रोजी मॉस्कोत ‘परस्पर साहाय्य’ करारावर सही झाली, सुमारे पंचवीस हजार सोव्हिएत सैनिक तळांवर येऊन बसले, आणि पुढच्या जूनमध्ये देशच गिळला गेला. शेवटची रशियन फौज हलली ती ३१ ऑगस्ट १९९४ला. एस्टोनियन लोक त्या कराराला सरळ ‘तळांचा करार’ म्हणतात; साहाय्याचं नाव काढत नाहीत.

इथे माझा मुद्दा थोडा लंगडतो, तेही सांगतो. मित्रराष्ट्राच्या सैनिकाला त्यांच्या भाषेत ‘लीतलाने’ म्हणतात. त्यातला ‘लीत’ म्हणजे संघ, आणि सोव्हिएत संघाच्या एस्टोनियन नावातही हाच ‘लीत’ होता! त्यांनी शब्द टाकला नाही, वापरत राहिले. आपणही ‘तैनाती’ला असं धुऊन घेऊ शकलो असतो. पण शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकाने तो शब्दप्रयोग वसईलाच बांधून टाकलाय.

तेव्हा ‘तापात पलटण तैनात आहे’ असं खुशाल लिहा. नामच हवं असेल तर ‘कुमक’ घ्या. कुमक मागवलेली असते, लादलेली नसते. कुणी म्हणेल, कुमक लढाई पेटल्यावर येते, ही तर आधीच येऊन बसलीय. मग ‘मित्रफौज’ लिहा. मला तो शब्द जरा सरकारी वाटतो, इतकंच.