कंपनीतल्या लोकांसाठी टेनिस लीग चालवायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीतल्या कंपनीत आहात, फॉर्म फिरवल्यावर चाळीसेक नावं आली, त्यात कॉलेजपर्यंत सिरियस खेळलेले पण आहेत आणि मागच्या महिन्यात पहिली रॅकेट घेतलेले पण, आणि एचआरने "आता तुम्हीच बघा" म्हणून सगळं तुमच्या गळ्यात घातलंय. मी त्याच भागात नोकरी करतो आणि आमच्याकडची लीग काही वर्षं बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे चाळीस नावांवर जाऊ नका. त्यात हौशे, नवशे, गवशे सगळे असतात, टी-शर्ट मिळणार का एवढंच विचारून फॉर्म भरणारेही असतात. कोर्टवर नियमित येणारे चोवीस धरा, म्हणजे हिशोब बरोबर बसतो. आणि दुसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: कंपनीच्या लीग बंद पडतात त्या खेळ वाईट म्हणून नाही, मॅचच होत नाहीत म्हणून. ड्रॉ काढला, एक्सेल शीट टाकली आणि "आपापसात ठरवून महिनाअखेरपर्यंत खेळा" असा मेसेज केला की समजा लीग संपली. एकाचा अमेरिकेबरोबर कॉल असतो, दुसरा गावाला गेलेला असतो, दोघं मोकळे सापडले तर कोर्ट मोकळं नसतं, मग "नेक्स्ट वीक पक्का" चालू राहतं आणि शेवटच्या दिवशी दोघंही तुम्हाला वेगवेगळा फोन करून वॉकओव्हर मागतात. त्यामुळे वार, वेळ आणि कोर्ट तुम्ही ठरवायचं, लोकांनी फक्त यायचं.

आता फॉरमॅट. सगळ्यांच्या डोक्यात आधी सिंगल्स येतं कारण टीव्हीवर तेच बघितलेलं असतं. पण गणित करून बघा. चोवीस जण, सहा-सहाचे चार ग्रुप, प्रत्येक ग्रुपमध्ये प्रत्येकाची प्रत्येकाशी मॅच म्हणजे १५, एकूण ६०. एका मॅचला एक तास धरला तर ६० तास कोर्ट लागणार. शनिवारी दोन कोर्ट तीन-तीन तास मिळाले तरी दर आठवड्याला सहाच मॅच होतात, म्हणजे बारा जण खेळतात आणि बारा घरी बसतात. घरी बसलेल्या माणसाला पुढच्या शनिवारी उठवणं फार अवघड. फिक्स जोड्यांचं डबल्स ठेवलं तर तास निम्मे होतात, पण पार्टनर ऑनसाइटला गेला की उरलेला एकटा बिचारा तुमच्याच तोंडाकडे बघत बसतो.

म्हणून आम्ही चौघांचा ग्रुप करतो, म्हणजे चोवीस जणांचे सहा ग्रुप, लेव्हलप्रमाणे वरखाली लावलेले, आणि दर शनिवारी सगळेच खेळतात. एक कोर्ट, एक तास, चार माणसं, तीन राउंड. प्रत्येक राउंडमध्ये पार्टनर बदलायचा, म्हणजे तिन्ही राउंड झाले की प्रत्येक जण प्रत्येकाचा एकदा पार्टनर आणि दोनदा प्रतिस्पर्धी झालेला असतो. एका राउंडमध्ये चार गेम, प्रत्येकाची सर्व्हिस एकदा. असे एकूण बारा गेम होतात आणि तुम्ही ज्या बाजूला असताना गेम जिंकला तो तुमच्या वैयक्तिक खात्यात जमा. पाच मिनिटं वॉर्म-अप धरूनही हे तासात आरामात बसतं, अट एकच, ड्यूस खेळत बसायचं नाही. चाळीस-चाळीस झालं की एकच पॉइंट, रिसीव्ह करणाऱ्या जोडीने बाजू निवडायची, आणि मिक्स्ड असेल तर सर्व्ह करणारी बाई असेल तर समोरच्या बाईने रिसीव्ह करायचं, पुरुष असेल तर पुरुषाने. "हे काय टेनिस आहे का" म्हणणारा एक शुद्धतावादी प्रत्येक ऑफिसात असतो, त्याला शांतपणे सांगा की एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टूरच्या, डबल्समध्ये २००६ पासून हेच नो-ॲड चालू आहे.

बारापैकी सहा गेम ही बरोबर सरासरी, कारण चौघांच्या गेमची बेरीज नेहमी २४ येते. हे लक्षात ठेवा, स्कोअर टाकताना बेरीज २४ आली नाही म्हणजे कोणीतरी काहीतरी चुकीचं लिहिलंय, तिथल्या तिथे पकडता येतं. ज्याचे सगळ्यात जास्त तो पुढच्या शनिवारी वरच्या ग्रुपमध्ये, ज्याचे सगळ्यात कमी तो खालच्या, मधले दोघं तिथेच. दोघांचे सारखे झाले तर काय, हा प्रश्न पहिल्याच शनिवारी येणार. तेव्हा एकमेकांविरुद्धचे गेम मोजत बसू नका, पार्टनर म्हणून खेळलेला राउंड दोघांना सारखाच मिळालेला असतो, त्यामुळे एकूण सारखे असतील तर आमनेसामनेचे पण सारखेच निघतात. आम्ही बघतो की स्वतःच्या सर्व्हिसचा गेम जास्त वेळा कोणी जिंकला, तेही सारखं असेल तर टॉस. कुणी कुरकुर केली तर करू दे, एक आठवड्याचाच प्रश्न आहे.

यातली खरी मजा अशी की लेव्हल आपोआप जुळत जाते. आमच्याकडे पेरोलमधल्या एक मॅडम आहेत, पन्नाशीच्या, पाय फारसे चालत नाहीत पण लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच बॉल, असा टाकतात की तो परत करायला समोरचा धावत बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या शेवटच्या रेषेच्या, मागे. त्या सगळ्यात खालच्या ग्रुपपासून सुरू होऊन दर एक-दोन आठवड्यांनी एकेक पायरी चढत मधल्या ग्रुपपर्यंत आल्या, आणि तिथे प्रत्येकाला त्या पार्टनर म्हणून हव्या असायच्या, समोर नको. नॉकआउट असतं तर त्या पहिल्याच सकाळी जोरात मारणाऱ्या एखाद्या पोराकडून हरून घरी गेल्या असत्या आणि आम्हाला कधी कळलंच नसतं.

गैरहजेरीचा नियम पहिल्या दिवशीच लिहून टाका. बुधवारी रात्रीपर्यंत कळवलं तर बदली खेळाडू तुम्ही द्यायचा, आणि न आलेला फक्त एक ग्रुप खाली. न कळवता गायब झाला तर दोन ग्रुप खाली आणि वर बॉलचा एक नवा डबा. पैशाचा दंड लोकांना चिल्लर वाटतो, पण दुकानात जाऊन डबा आणायचा म्हटलं की बरोबर आठवण राहते. बदलीची यादी वेगळी ठेवा, चाळीसमधून चोवीस सोडून जे उरले ते इथेच कामाला येतात.

सुरुवातीला कोणाला कुठे टाकायचं यासाठी फॉर्मवर लेव्हल विचारू नका, सगळे "इंटरमिजिएट" लिहितात. एक शनिवार ग्रेडिंगला ठेवा, प्रत्येकाला दहा सर्व्हिस टाकायला लावा आणि समोर एक बऱ्यापैकी खेळणारा उभा करून रॅली करायला सांगा. सेकंड सर्व्हिस दहातून किती वेळा आत पडते तेवढं बघितलं तरी पुरतं, फोरहॅंड कितीही भारी असू दे. ग्रुपना ए, बी, सी म्हणू नका, प्रोजेक्ट मॅनेजरला "तुम्ही एफमध्ये" सांगायचं म्हणजे अवघड जागचं दुखणं. आम्ही किल्ल्यांची नावं दिली, तर सगळ्यात वर राजगड ठेवल्यावर एका ट्रेकर बाबाने मेल टाकली की तोरणा उंचीने जास्त आहे. चालायचंच.

कोर्टचं म्हणाल तर वाकड, बाणेर, बालेवाडी पट्ट्यात अकॅडम्या बऱ्याच आहेत, पण संध्याकाळी तिथे मुलांचं कोचिंग असतं आणि रात्री आठनंतर मिळालं तरी हिंजवडी फेज थ्रीवरून वाकडच्या पुलापर्यंत पोचता पोचता माणूस खेळायच्या मूडमध्ये राहत नाही. शनिवार सकाळ साडेसहा ते साडेनऊ घ्या, दोन कोर्ट, आणि पूर्ण सीझनचं बुकिंग एकदम करा, अकॅडमीवाल्यालाही ते आवडतं, रेट थोडा कमी होतो. साडेसहाचा स्लॉट कुणालाच नको असतो म्हणून तो फिरता ठेवा. कोणाच्या तरी सोसायटीतलं कोर्ट फुकट मिळतंय म्हणून भुलू नका, बाहेरच्यांना आत घेण्यावरून तिथल्या कमिटीत भांडणं होतात, आणि कित्येक ठिकाणी बेसलाइनच्या मागे दोन पावलांवर भिंत असते. साध्या हौशी खेळालासुद्धा मागे साडेपाच मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते, नाहीतर लॉबच्या मागे धावणारा माणूस थेट भिंतीवर.

सीझन दिवाळी झाली की सुरू आणि फेब्रुवारीत खेळ संपवायचा. पावसाळ्यात हार्ड कोर्ट ओलं असताना खेळायचं नाही म्हणजे नाही, कोणी कितीही "अरे थोडंसंच ओलं आहे" म्हणो. मार्चनंतर ऊन आणि अप्रेझल दोन्ही तापतात. डिसेंबरच्या शेवटचे दोन शनिवार सरळ सुट्टी द्या, कोणी नसतंच.

आता नाजूक विषय, लाइन कॉल. अंपायर कुठून आणणार, म्हणजे ज्याच्या बाजूला बॉल पडला त्याने सांगायचं. रेषेला चाटून गेला तरी आत, डाउट असेल तर आत, आणि पार्टनर-पार्टनरमध्ये एकमत नसेल तरीही आत, म्हणजे फायदा समोरच्याचाच. हे हौशी टेनिसमध्ये सगळीकडे असंच आहे, पण ऑफिसात अडचण वेगळी असते. आमच्याकडे एका वरच्या साहेबांचा बॉल चांगला वीतभर बाहेर गेला आणि समोरचा ट्रेनी पोरगा दोन सेकंद गप्प उभा राहून म्हणाला, "गुड सर", म्हणजे बॉल आत. साहेबही काही बोलले नाहीत, पुढच्या सर्व्हिसला निघून गेले. त्यानंतर आम्ही नियम केला की कोर्टवर सर-मॅडम नाही, नावाने हाक मारायची, आणि आउट हा हात वर करून मोठ्याने सांगायचा. हाताने सांगणं तोंडाने सांगण्यापेक्षा सोपं जातं ज्युनियर मुलांना, खरंच. आणि शक्यतो रिपोर्टिंगमधल्या दोघांना पहिल्या आठवड्यात एकाच ग्रुपमध्ये टाकू नका, नंतर वर-खाली होत एकत्र आले तर आले.

पैसे: कोर्ट कंपनीकडून, बॉल आणि डिपॉझिट खेळाडूंकडून. सगळं फुकट असलं की लोक झोपून राहतात. डिपॉझिट सीझन पूर्ण केला की परत. एचआरला एवढंच लेखी विचारून ठेवा की शनिवारी बाहेर खेळताना इजा झाली तर ग्रुप इन्शुरन्समध्ये बसतं का, आणि उत्तर मेलवर घ्या, कॉरिडॉरमध्ये नको.

बॉलबद्दल दोन शब्द, कारण इथे पैसे उगाच वाया जातात. डबा उघडला की बॉलमधलं प्रेशर हळूहळू उतरतं, दोन-तीन आठवड्यांत उसळी कमी वाटायला लागते, म्हणून सीझनचे सगळे डबे एकदम उघडू नका. आमच्याकडे वरच्या दोन ग्रुपना नवा डबा, तेच बॉल पुढच्या शनिवारी मधल्यांना. अगदी नवशिक्यांना मात्र उतरलेले बॉल देऊन उपयोग नाही, त्यांना ग्रीन डॉटचे आणा, ते नेहमीच्या बॉलपेक्षा साधारण २५ टक्के संथ असतात, रॅली व्हायला लागते आणि माणूस टिकतो. पूर्ण मेलेले बॉल टाकायची चिंता करू नका, पार्किंगमधले क्रिकेटवाले विचारायच्या आत घेऊन जातात.

आणि बूट. रनिंग शूज घालून येणाऱ्याला पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगा. त्याची टाच उंच आणि मऊ असते, सरळ धावायला बनवलेली, टेनिसमध्ये आडवं थांबताना घोटा मुरगळतो. दोन महिने लंगडत ऑफिसला आलेले लोक मी बघितलेत. चाळिशीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारून यावं, तेवढं फॉर्ममध्ये घाला. ते "आता या वयात काय" म्हणून माघार घ्यायला लागले तर रोहन बोपण्णाचं नाव सांगा, २०२४ मध्ये ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकली त्याने. आणि त्याच्या दोन वर्षं आधी इथेच बालेवाडीला रामकुमार रामनाथनबरोबर एटीपीचं डबल्स टायटल घेतलं होतं, आमच्या ऑफिसातले काही जण अजून सांगतात.

व्हॉट्सॲप ग्रुप दोन करा, एक फक्त तुमच्या घोषणांचा जिथे बाकी कोणी लिहू शकत नाही, आणि दुसरा गप्पांचा. स्कोअरचा फोटो तासाच्या आत, नाहीतर चौघांनाही शून्य.

शेवटच्या शनिवारी फायनल वगैरे ठेवू नका, वरच्या ग्रुपमधले चौघं नेहमीसारखेच बारा गेम खेळू देत, बाकीचे वडापाव खात बघतील. ट्रॉफी वरच्याला द्या, पण एक बक्षीस सगळ्यात जास्त पायऱ्या चढलेल्याला आणि एक सगळ्यात जास्त वेळा बदली म्हणून आलेल्याला ठेवा. हे शेवटचं एचआरच्या बजेटमध्ये बसलं नाही तर स्वतःच्या खिशातून द्या, शुक्रवारी रात्री दहा वाजता "उद्या साडेसहाला येशील का" विचारायला तुम्हाला तोच माणूस लागणार आहे.