मुदत बघा, मग व्याज

बोनस हातात आला की माझ्याकडची पत्रं वाढतात. निम्म्यांत प्रश्न एकच, "पैसे बुडणार नाहीत ना?" तेव्हा पुन्हा एकदा.

प्रश्न : एकाच बँकेच्या तीन शाखांत माझ्या पाच-पाच लाखांच्या ठेवी आहेत. विमा 15 लाखांचा धरायचा ना?

नाही. बँक एक, खातेदार एक, विमा 5 लाख, आणि त्यातच मुद्दल-व्याज दोन्ही. संयुक्त खातं असेल तर कागद घेऊन बँकेत विचारा.

प्रश्न : गावातली पतसंस्था 11 टक्के देते. पाटीवर 'शासन नोंदणीकृत' आहे. मग भीती कसली?

नोंदणी किराणा दुकानाचीही होते. पतसंस्था बँक नव्हे. बँकठेवींचा तो विमा तिला लागू नाही. ताळेबंद मागा आणि थकीत कर्ज किती, सर्वांत मोठा कर्जदार कोण, हे विचारा. पीएमसी बँकेचं सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहात अडकल्याचं 2019 मध्ये उघड झालं. ते ताळेबंदात दिसत नव्हतं, हे कबूल. म्हणून तर सगळी पुंजी एका ठिकाणी नको. रक्कम मोठी असेल तर आधी तुमच्या सीएंना ताळेबंद दाखवा.

प्रश्न : 2008 साली अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या संस्था बुडाल्या कशा? धोका कोणालाच दिसला नाही?

लोक म्हणतात लोभ. लोभ कधी नव्हता? माझ्या मते खरं दुखणं मुदतीचं आहे. लेहमन ब्रदर्स या अमेरिकन गुंतवणूक बँकेकडे स्वतःच्या 1 रुपयामागे साधारण 30 रुपयांचा पसारा होता आणि त्यातला बराच पैसा अगदी थोड्या दिवसांच्या, काही तर एका रात्रीच्या उधारीवर होता. तो गुंतला होता वर्षानुवर्षं चालणाऱ्या गृहकर्जांच्या रोख्यांत. घरांच्या किमती उतरल्या, उधारी देणाऱ्यांनी हात आखडला आणि 15 सप्टेंबर 2008 ला दिवाळखोरीचा अर्ज गेला. कर्जांची गाठोडी बांधून, वर 'ट्रिपल ए'चा, म्हणजे पतमापन संस्थांचा 'सर्वांत सुरक्षित' असा शिक्का मारून विकली, म्हणून धोका नाहीसा झाला नव्हता. तो फक्त ज्याला कळत नव्हता त्याच्या गळ्यात पडला होता.

आपल्याकडे दहा वर्षांनी आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या समूहाने हेच केलं. रस्ते, बोगदे यांतला पैसा सुटायला पंधरा-वीस वर्षं लागतात. समूहाच्या उधारीत मात्र काही महिन्यांत फेडायचे कर्जरोखेही होते. 2018 च्या उन्हाळ्यात मुख्य कंपनीला 'ट्रिपल ए' होतं, सप्टेंबरात हप्ते थकले. कर्ज सुमारे 91,000 कोटी! शिक्क्यावर विसंबलेल्या म्युच्युअल फंडांनाही झळ बसली. तुमच्याकडे डेट फंड (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणारा म्युच्युअल फंड) असेल तर त्यात कोणाचे रोखे आहेत, ते सल्लागाराला आजच विचारा.

प्रश्न : आमची बँक बुडणार असं व्हॉट्सॲपवर आलंय. उद्याच पैसे काढू?

ज्याने पाठवलं त्याला कोणी सांगितलं? रिझर्व्ह बँकेचं पत्रक बघा. कुठलीच बँक सगळ्या ठेवी तिजोरीत ठेवत नाही, त्यामुळे सगळेच एका सकाळी रांगेत उभे राहिले तर धडधाकट बँकही आडवी होईल.

प्रश्न : वडिलांना (वय 71) 'एफडीसारखाच' म्हणून एक बाँड विकला. दोन महिने झाले, कागद वाचायचे राहिलेत.

दोन महिने! एफडीसारखं असतं तर त्याला एफडीच म्हटलं असतं. कागदात 'पर्पेच्युअल' किंवा 'एटी-1' हे शब्द शोधा. म्हणजे मुद्दल परत करायची तारीखच नसलेला आणि बँक अडचणीत आली तर शून्यावर आणता येणारा रोखा. मार्च 2020 मध्ये येस बँकेचे असे 8,415 कोटींचे रोखे शून्यावर आणले गेले. त्याच बँकेच्या ठेवीदारांचे पैसे वाचले, रोखेधारकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. रविवारची वाट न पाहता कागद घेऊन सेबी-नोंदणीकृत सल्लागाराकडे जा. फी घेणारा बघा, कमिशनवाला नको. बाँड गळ्यात मारणारा तर नकोच नको.

प्रश्न : सोनं तारण ठेवून वर्षभरासाठी कर्ज काढलं आणि शेअर घेतले तर? मित्राने दुप्पट केले.

नको. मित्राला कर्ज फेडायची तारीख विचारा.