बॉर्डर निघाली, खळ राहिली

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की खान्देशात रंगाचे डबे निघतात आणि माझ्याकडे प्रश्न येतात. यंदा त्यांतले बरेचसे भिंतीवरच्या वॉलपेपरच्या बॉर्डरबद्दल आहेत. कधीकाळी हौसेने चिकटवलेल्या हत्ती-घोड्यांच्या, वेलबुट्टीच्या पट्ट्या आता नकोशा झाल्या आहेत.

प्रश्न (भुसावळ) : मुलाच्या खोलीत छताखाली कागदी बॉर्डर आहे, लावून बारा वर्षं झाली. रंगारी म्हणतो, काढत बसू नका, वरूनच प्रायमर मारतो, काही कळणार नाही. लेक आखाजीला माहेरी येतेय, आठच दिवस हातात आहेत. काय करू?

पहिल्या दिवशी खरंच कळणार नाही, ताई. पण प्रायमर आणि प्लास्टिक पेंट दोन्ही पाण्यातले. ते पाणी कागदातून आत उतरतं, जुनी खळ भिजते, कागद फुगतो. वाळल्यावर काही फुगे बसतात, काही तसेच राहतात. दोन पट्ट्यांचा जोड आणि बॉर्डरची खालची कड तर ट्यूबलाइट लावली की हमखास दिसते. रंगाऱ्याचा ठेका चौरस फुटावर असेल तर त्याला घाई असणारच. बॉर्डर काढायची मजुरी वेगळी ठरवा, म्हणजे तो मन लावून काढेल.

आठ दिवस पुष्कळ झाले. खोली 12 बाय 10 ची असेल तर चारही भिंतींची मिळून बॉर्डर भरते 44 फूट. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. आधी एखादं टोक नखाने उचकटून कोरडंच ओढून पाहा. बऱ्याच बॉर्डरचा वरचा चकचकीत पापुद्रा असा सोलून निघतो आणि मागे पांढरा कागद उरतो. तो पाणी झटकन पितो. पापुद्रा निघाला नाही तर 60 किंवा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने वरची चकाकी मारा, म्हणजे पाणी आत शिरेल. कटरने चिरे पाडायचे तर अगदी हलक्या हाताने. प्लास्टर चिरलं की नंतर लांबी (चिरा-खड्डे बुजवायचा लगदा) भरत बसावं लागतं.

मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार थेंब टाकून स्पंजाने पट्टी भिजवा. पण इकडच्या उन्हाळ्याचा हिशोब इथे धरावा लागतो. पारा 44-45 वर असताना भिंत भिजवून चहा पिऊन आलात तर ती पुन्हा कोरडी ठणठणीत. म्हणून काम सकाळी सातला धरा, पंखा बंद ठेवा आणि भिजवलेल्या पट्टीवर प्लास्टिक चिकटवा. साड्या ज्या पिशव्यांतून येतात त्या फाडल्या तरी चालतात. 15-20 मिनिटांनी पुट्टीचा पत्रा भिंतीला जवळजवळ आडवा धरून खालून सरकवा. कागद लांबच लांब निघाला पाहिजे. तुकडे पडत असतील तर अजून भिजलेला नाही; जोर लावू नका, पुन्हा पाणी द्या. आणि हो, बोर्डाजवळ ओलं काम करण्याआधी त्या खोलीचा एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचा वीज तोडायचा खटका) खाली पाडा.

कागद निघाला म्हणजे काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. धंद्यात नवा असताना एका बंगल्यातली बॉर्डर मी अशीच ऐटीत काढली आणि संध्याकाळी लगेच रंग मारला. दोन महिन्यांनी बरोबर तेवढ्याच पट्ट्यावर रंग तडकला, उन्हाळ्यात तापीकाठच्या गाळाला भेगा पडतात तसा. भिंतीवर खळ राहिली होती. ओल्या रंगाने ती भिजते, वाळताना आकसते आणि रंगालाही सोबत ओढते. ती भिंत मी पदरच्या पैशाने पुन्हा केली.

म्हणून खळ धुवा. साबणाच्या कोमट पाण्याने, दर चार-पाच फुटांनी बादलीतलं पाणी बदलून. शेवटी साध्या पाण्याने पुसा. उरली का ते ओळखायची युक्ती : जखमेला लावायचं तपकिरी आयोडीन थोड्या पाण्यात घालून भिंतीवर एक थेंब टाका. निळा-काळा डाग उमटला तर मैद्याची किंवा स्टार्चची खळ अजून आहे. फेविकॉल किंवा कंपनीच्या सेल्युलोजच्या खळीला ही परीक्षा लागू पडत नाही. तिथे ओली बोटं फिरवून पाहा. बुळबुळीत लागलं तर पुन्हा धुवा. मग पूर्ण दिवस वाळू द्या आणि त्यानंतरच लांबी, घासाई, प्रायमर.

प्रश्न (धुळे) : आमची बॉर्डर स्टिकरची आहे. ओढली की पुट्टीचे पोपडे सोबत येतात.

स्टिकरला पाणी उपयोगाचं नाही, त्याला ऊब लागते. हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून फिरवत राहा. कड सैल झाली की पट्टी भिंतीपासून बाहेर न ओढता तिच्याच अंगावर उलटी दुमडून, सावकाश ओढा. पश्चिमेची भिंत असेल तर मे महिन्यात दुपारी चारनंतर ड्रायरची गरजही कमी पडते, भिंत आपणच तापलेली असते. मागे राहिलेल्या चिकटपणाला खोबरेल तेल चोळा, दहा मिनिटांनी पत्र्याने खरवडा आणि साबणाने तेलाचा अंशही राहणार नाही इतकं धुवा. तेलावर रंग बसत नाही.

तरीही पोपडे येत असतील तर दोष स्टिकरचा नाही. पुट्टीच आधीपासून सुटलेली आहे. भुसभुशीत चुन्यावर किंवा धूळ न झाडता मारलेली असणार. ठोकून पाहा, पोकळ वाजेल तेवढी खरवडून नव्याने भरा. आणि ती पुट्टी सिमेंटची नसून पीओपीची असेल तर धुतानाही पाणी बेताने वापरा, पीओपी पाण्याने मऊ पडतं.

प्रश्न (अमळनेर) : वाडा जुना, मातीच्या भिंती, वर चुन्याचे कित्येक हात. त्यावर कुणीतरी खळीने बॉर्डर लावली होती. भिजवू का?

नका. पाण्याने चुना आणि खालची माती दोन्ही हाताशी येतील. कोरडंच सोला, राहिलेलं पत्र्याने खरवडा. जिथे चुना निघेल तिथे पुन्हा चुनाच द्या. मातीच्या भिंतीला प्लास्टिक पेंट लावायचा मोह आवरा. ती भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिचं तोंड बंद केलं की रंग फुगे धरतो.

प्रश्न (चाळीसगाव) : स्वयंपाकघरात जुन्या ऑइल पेंटवर बॉर्डर आहे. हा पेंट पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा असावा.

बॉर्डर सहज निघेल, कारण ऑइल पेंट पाणी पीत नाही. अडचण पुढची आहे. गुळगुळीत ऑइल पेंटला नवा पाण्यातला रंग धरत नाही, म्हणून घासाई करावीच लागते. इथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये ते बरंच जास्त असू शकतं, आणि कोरड्या घासाईची धूळ लहान मुलांना सगळ्यांत घातक. तेव्हा पॉलिश पेपर पाण्याचा आणा, भिंत ओली ठेवूनच घासा, चिखल फडक्याने पुसून घ्या, झाडू मारू नका. डबे-भांडी आधी बाहेर, पोरं शेजारी. नंतर ऑइलबेस प्रायमर.

प्रश्न (चोपडा) : कूलरसमोरच्या भिंतीवर बॉर्डरच्या कडा सुटल्यात, खाली काळे ठिपके आहेत.

बुरशी आहे. खळ हे तिचं जेवण आणि कूलर तिला पाणी पाजतो. बॉर्डर काढा, खळ धुवा. मग एक भाग ब्लीच तीन भाग पाण्यात मिसळून लावा, दहा मिनिटांनी पुसा. खिडक्या उघड्या ठेवा आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. कूलरचं तोंड भिंतीवरून वळवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. दमट हवा बाहेर गेली नाही तर ठिपके नव्या रंगावरही येतील.

प्रश्न (शहादा) : बॉर्डर काढली, धुतलं, दोन हात रंग दिला. दिवसा भिंत छान दिसते, रात्री दिवा लावला की जुन्या बॉर्डरची रेघ दिसते. तिसरा हात देऊ?

तिसऱ्याने काय, पाचव्यानेही जाणार नाही. बॉर्डर भिंतीवर होती तेव्हा मधे एखाद-दोनदा खोली रंगवली असेल ना? प्रत्येक वेळी रंग बॉर्डरच्या कडेशी येऊन थांबला आणि तिथे पायरी तयार झाली. बोट फिरवा, लागेल. मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरलात तर आणखी स्पष्ट दिसेल. पायरीचा उंच भाग 120 नंबरने घासून उतरता करा. मग सखल बाजूला पुट्टीचा पातळ हात द्या, निदान सहा-आठ इंच रुंद. अरुंद भरलीत तर एका रेघेच्या दोन होतील. वाळल्यावर 220 नंबरने घासा, पुन्हा टॉर्च, लागल्यास पुट्टीचा दुसरा हात. त्या पट्ट्याला प्रायमर द्या आणि रंग मात्र अख्ख्या भिंतीला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. नुसत्या पट्ट्याला दिलात तर रेघ जाईल आणि ठिगळ दिसेल.