चेहरा माझाच, पण माझा वाटत नाही

या वेळी आलेल्या पत्रांतली चार एकाच अनुभवाबद्दल आहेत. लिहिणाऱ्या प्रत्येकाला वाटतंय की असं फक्त आपल्यालाच होतं, म्हणून चारही एकत्र घेतो.

प्रश्न: मी 19 वर्षांचा. कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास करतो. दोन महिन्यांपूर्वी सलग जागरणं झाली आणि पहाटे तोंड धुताना आरशात बघितलं, तर चेहरा माझाच, पण माझा वाटेना. तेव्हापासून स्वतःचा आवाजही लांबून आल्यासारखा वाटतो. दिवसातनं वीसदा आरसा बघतो. मी वेडा होणार काय?

नाही. ही नुसती समजूत काढणं नाही, पुरावा तुझ्याच पत्रात आहे. आवाज लांबून 'येतो' असं तू लिहिलं नाहीस, 'आल्यासारखा वाटतो' असं लिहिलंस. सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाचं भान सुटतं त्या आजारात, हा 'सारखा' गळून पडतो. तुझं भान शाबूत आहे, म्हणूनच तू इतका घाबरला आहेस.

याला डीपर्सनलायझेशन म्हणतात. लुदोविक द्युगा या फ्रेंच अभ्यासकानं 1898 मध्ये हा शब्द मानसशास्त्रात आणला, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही माणसं हीच तक्रार सांगत होती. स्वतःऐवजी भोवतालचं जग परकं, धुक्यातलं वाटलं तर ते डीरिअलायझेशन. पुष्कळदा दोन्ही जोडीनंच येतात. सुरुवात बहुधा सोळाव्या वर्षाच्या आगेमागे होते. जागरण, पॅनिक अटॅक, गांजा, न पेलणारा ताण ही नेहमीची कारणं. ताण हाताबाहेर गेला की मेंदूचा पुढचा भाग भावनांच्या केंद्रांना दाबून धरतो, असं आज मानलं जातं. मग चेहरा ओळखू येतो, पण ओळखीबरोबर उमटणारा आपलेपणा उमटत नाही.

आता त्या आरशाबद्दल. चुलीवरच्या भाताचं झाकण मिनिटामिनिटाला उघडलं तर भात शिजेल का? 'गेलं का, अजून आहे का' हे तपासणं म्हणजे तेच. तपासण्यातून भीती वाढते आणि भीतीतून परकेपणा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत सगळ्यात जास्त नुकसान याच सवयीनं झालेलं दिसतं. आरसा दाढीपुरता आणि भांग पाडण्यापुरता. रोज सात-आठ तास झोप, गांजा ओढत असशील तर आजपासून बंद. संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला जा. पायात कोल्हापुरी असेल तर तिची करकर ऐक, टाचेखालचं कडक कातडं जाणवू दे. जिभेवर गुळाचा खडा ठेव आणि तो विरघळेपर्यंत दुसरं काही करू नको. मात्र हेसुद्धा 'गेलं का' बघण्यासाठी करू नको. परकेपणा असेल तर असू दे, त्याच्यासकट अभ्यासाला बस, मित्राबरोबर मिसळ खायला जा.

खास यावरचीच अशी गोळी अजून नाही. सोबत चिंता किंवा नैराश्य असेल तर त्यावरची औषधं देतात. आणि विचार व वागण्यावर काम करणारी थेरपी, सीबीटी, पुष्कळांना उपयोगी पडते. दोन महिने झालेत, तेव्हा आता मानसोपचारतज्ज्ञांना भेटच. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी 14416 लाव. टेली-मानसची ही हेल्पलाइन मोफत आहे आणि रात्रीही चालू असते.

प्रश्न: माझी मुलगी 16 वर्षांची. म्हणते, 'आई, तू शेजारी बसलीस तरी काचेपल्याड असल्यागत वाटतीस.' सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे. दोन अमावास्यांना उतारा टाकून झाला. हे अंगात येण्यासारखं काही आहे का?

नाही, ताई. अंगात येतं तेव्हा दुसरं कुणी आत आल्याचा अनुभव असतो आणि नंतर बऱ्याचदा काही आठवत नाही. तुमच्या लेकीचं उलट आहे. तीच बाहेर राहिल्यासारखी झाली आहे आणि तिला सगळं आठवतं. उताऱ्यानं तिची भीती वाढेल. पण सासूबाईंशी भांडू नका, त्यांचाही जीव नातीसाठीच तुटतोय. अंबाबाईची ओटी भरायची तर जरूर भरा आणि तिला डॉक्टरांकडेही न्या.

'असं काही नसतं' हे वाक्य घरात कुणी बोलू नये. तिला एकटीला जवळ घेऊन विचारा: शाळेत, क्लासमध्ये, नात्यातलं कुणी त्रास देतंय का? सतत घालूनपाडून बोलणं, हिणवणं यातूनही हे होतं. ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका. आणि रोज संध्याकाळी तिला भाकरी थापायला शेजारी घ्या. कढत पाण्यात मळलेलं ज्वारीचं पीठ हाताला लागतं ना, ती ऊब काचेपल्याडची नसते.

प्रश्न: वय 46, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. तीन महिन्यांत चार वेळा मिनिट-दोन मिनिटं सगळं परकं वाटलं. आधी जळक्या रबराचा वास येतो, बाकी कुणाला येत नाही. बायको म्हणते, तेव्हा मी नुसता तोंड हलवत बसतो.

तुम्ही याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टकडे जा. चाळिशीनंतर पहिल्यांदाच, ठरावीक वासानं सुरू होणारा आणि मिनिटांत संपणारा असा त्रास मेंदूच्या टेम्पोरल, म्हणजे कानशिलाकडच्या भागातल्या फिटचा असू शकतो. ईईजी आणि एमआरआय या मेंदूच्या तपासण्या ते सांगतील. बायकोला बरोबर न्या, बघितलंय तिनं. निदान होईपर्यंत मोटरसायकल चालवू नका, भट्टीजवळ उभे राहू नका. सुपरवायझरला स्पष्ट सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न: 2019 च्या पुरात आंबेवाडीतून बोटीनं निघालो. घर बुडताना मला काहीच वाटलं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी बघत असल्यासारखं. सासऱ्यांच्या गोळ्यांची पिशवी तेवढी घेतली. अजून जुलैत पाऊस लागला की तसंच बधिर होतं. मी दगड आहे का?

दगड असता तर हे पत्र लिहिलं नसतं. जिवावर बेतलं की मेंदू काही काळ भावना बाजूला ठेवतो, हातपाय चालावेत म्हणून. तुमचे चालले. त्या गडबडीत सासऱ्यांच्या गोळ्या आठवल्या, त्या तुम्हालाच. आता पाऊस लागला की तोच पहारा पुन्हा उभा राहतो, कारण धोका संपल्याचं त्याला अजून उमगलेलं नाही. आघातावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे हे हळूहळू उलगडता येतं. पावसाळा येण्याआधी सुरुवात करा. पहिल्या भेटीत घर बुडाल्याचं सांगायची घाई नको, त्या पिशवीपासून सांगा.