विंडलास नुसता टक् करतोय, नांगर काही वर येत नाही

प्रश्न : नमस्कार. माझ्या शिडाच्या बोटीवर १२ व्होल्टचा १००० वॅटचा विंडलास (नांगराची साखळी वर-खाली करणारं विजेचं यंत्र) आहे, सहा-सात वर्षं काही तक्रार नव्हती. आता वर घ्यायचं बटण दाबलं की टक् असा आवाज येतो, मोटर कधी एक-दोन सेकंद कण्हत फिरते आणि बसते, कधी हलतच नाही. परवा तर नांगर आणि सगळी साखळी हातानेच ओढली, अजून कंबर धरलीय. बॅटरी नवीन आहे, मीटरवर १२.६ दाखवते. मेकॅनिक म्हणतो मोटर गेली, नवीन घाला. घालू का?

उत्तर : थांबा हो, एवढ्यात नको. मोटर जाते, नाही असं नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला आधी वायरींचा संशय येतोय. टक् आवाज येतो म्हणजे बटण, त्याची बारीक वायर आणि सोलेनॉइडची (बटणाच्या छोट्या करंटने मोटरचा मोठा करंट जोडणाऱ्या डब्याची) कॉइल इथपर्यंत करंट पोचतोय. टक् आवाजही आला नसता तर मी म्हटलं असतं बटण आणि कंट्रोलचा छोटा फ्यूज बघा. आता बघायचंय ते जाड वायरींच्या बाजूला.

आणि ते १२.६ विसरा. तो आकडा बॅटरी निवांत बसलेली असतानाचा आहे. तुमची मोटर ओझ्याखाली ८०, १०० अँपिअर खाते, आणि एवढा करंट वाहताना वाटेत ०.०१ ओहम जरी अडथळा असला तरी एक अख्खा व्होल्ट तिथेच जातो, म्हणजे १०० वॅटची उष्णता एका गंजलेल्या टर्मिनलमध्ये. साध्या मल्टिमीटरवर ओहम मोजायला गेलात तर एवढा छोटा अडथळा धड दिसतही नाही, वायर चांगली आहे असंच वाटतं. म्हणून व्होल्ट मोजायचे, तेही बटण दाबलेलं असतानाच.

एक माणूस बटणावर बसवा, नांगर आणि साखळी आधी वेगळ्या दोराने क्लीटला (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीला) बांधून ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिना थेट मोटरच्या दोन टर्मिनलवर धरा आणि त्याला म्हणा दाब. मोटर फिरत नसेल तर दोन सेकंदांच्या वर दाबून ठेवू देऊ नका, अडकलेली मोटर फार पटकन तापते. आता मोटरवर जवळजवळ पूर्ण व्होल्ट येतायत आणि तरी ती ढिम्म, तर दोष मोटरमध्येच, बहुतेक ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे). मोटरवर ८-९ च येतायत आणि त्याच वेळी बॅटरीच्या खांबांवर १२ च्या आसपास टिकलेत, तर मधले तीन व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. आणि बॅटरीच खाली दहावर कोसळत असेल तर ती नवी असू दे नाहीतर जुनी, ती दमलीय किंवा चार्ज होत नाहीये.

मधला प्रकार निघाला तर चोर शोधायची युक्ती अशी, की एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरी एकेक टप्पा पुढे सरकवत जायची, आधी स्विचच्या पलीकडे, मग ब्रेकर, मग सोलेनॉइडचा येणारा बोल्ट, जाणारा बोल्ट, मग मोटर, आणि प्रत्येक वेळी बटण दाबायचं. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे चोर. निगेटिव्हची वाटही अशीच तपासा, लोक ती विसरतात. मी पण विसरलो होतो. एका बोटीची मोटर काढली, उघडली, ब्रश साफ केले, अर्धा दिवस घालवला, आतून अगदी ठणठणीत निघाली, आणि दोष होता निगेटिव्हच्या लगमध्ये (केबलच्या टोकाला बोल्टसाठी बसवलेल्या धातूच्या कडीत). वरून टेप छान गुंडाळलेली, टेप कापली तर आतून हिरवी पूड सांडली आणि तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, बोटाने वाकवल्या तर काडीसारख्या तुटल्या. तेव्हापासून मोटरला हात लावायच्या आधी मीटर.

लग खराब निघाला तर काळी पडलेली तार मागे चांगलं तांबं लागेपर्यंत कापून टाका, कल्हई केलेली केबल असेल तर उत्तम, नवा लग मोठ्या क्रिंपरने दाबून बसवा, वरून गोंदवाली हीटश्रिंक नळी. नुसत्या सोल्डरवर विसंबू नका, तापल्यावर सैल होतं. बसवताना लग थेट टर्मिनलच्या तांब्याला टेकला पाहिजे, मध्ये स्टीलचा वॉशर नको, वॉशर वरून. ही चूक मी इतक्या ठिकाणी बघितलीय की विचारू नका, स्टेनलेस स्टीलमधून वीज तांब्याच्या मानाने फारच कमी वाहते. घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस.

सगळे सांधे चकाचक आहेत आणि तरी व्होल्ट पडतायत तर केबलची जाडी बघा. बॅटरी मागे आणि विंडलास पुढे नाळेवर असेल तर १० मीटरचं अंतर जाऊन-येऊन २० मीटर होतं. ३५ चौरस मिमी केबलमध्ये १०० अँपिअरला साधारण एक व्होल्ट जातो, ते चालून जातं. १६ ची असेल तर दोनाच्या वर जातात, मग विंडलासने तरी काय करायचं.

आणि मोटरच निघाली तरी लगेच नवी नको. आधी मेन स्विच बंद करून मोटर काढा, झाकण उघडा. कार्बनची काळी भुकटी झटका, ब्रश आपल्या खोबणीत सहज सरकतात का बघा, अडकलेला ब्रश ही मोटर न फिरण्याची अगदी नेहमीची गोष्ट. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) बारीक सँडपेपरने पुसा, एमरीने नको, तिचे कण अडकून राहतात. आत पाणी, गंज दिसला तर वरचा ऑइल सील गेलाय, आणि गिअरबॉक्सचं तेल दुधाळ झालं असेल तर नक्कीच. सील न बदलता ब्रश बदलले तर सहा महिन्यांनी पुन्हा मलाच लिहाल.

प्रश्न : साखळी खाली जाते पण वर येत नाही. बटण खराब की सोलेनॉइड?

उत्तर : सोलेनॉइडच्या डब्यावर वर आणि खालीच्या दोन बारीक कंट्रोल वायरी असतात, त्या एकमेकींच्या जागी लावा. आता खालीच्या बटणाने विंडलास वर फिरला तर सोलेनॉइड चांगला, वरचं बटण किंवा त्याची वायर गेलीय. खालीच्या बटणानेही वर फिरत नसेल तर डब्यातले वरच्या बाजूचे काँटॅक्ट जळलेत, किंवा तीन टर्मिनलची मोटर असेल तर तिकडे जाणारी जाड वायर सुटलीय. पाच मिनिटांचं काम आहे. झाल्यावर वायरी पुन्हा जागेवर लावा, नाहीतर अंधारात कुणीतरी वर म्हणून दाबेल आणि साखळी सोडेल.

प्रश्न : जुनी साखळी गंजली म्हणून नवी घातली, तीही १० मिमीचीच, पण आता जिप्सीवरून (विंडलासच्या साखळी पकडणाऱ्या खळग्यांच्या चाकावरून) सारखी उडी मारते. जिप्सी झिजली का?

उत्तर : झिजलेली असू शकेल, पण आधी कडीची आतली लांबी मोजा. १० मिमी ही सळईची जाडी झाली. साखळीच्या मापांची दोन मानकं आहेत, त्यातल्या डीआयएन ७६६ च्या १० मिमी साखळीत कडी आतून २८ मिमी असते आणि आयएसओ ४५६५ च्या साखळीत ३०. दोन मिमीने काय होतंय असं वाटेल, पण जिप्सीच्या खळग्यात प्रत्येक कडी नेमकी बसावी लागते आणि दहा कड्यांत फरक २० मिमीचा होतो, मग ती उडणारच. जिप्सीवर बहुतेक वेळा कोणत्या साखळीची आहे ते कोरलेलं असतं. जुळत नसेल तर जिप्सी बदला किंवा साखळी परत करा, ग्राइंडरने खळगे मोठे करत बसू नका. आणि जुळत असूनही उडत असेल तर खाली साखळीच्या खणात डोकवा, ढीग डोंगरासारखा वाढून वरच्या भोकाला टेकला असेल तर साखळी पुढे जायला जागाच उरत नाही.

प्रश्न : काल रात्री कुणीही बटण दाबलं नव्हतं तरी विंडलास आपोआप सुरू झाला. फार घाबरलो.

उत्तर : घाबरण्यासारखंच आहे, त्यात हाताचं बोट किंवा पायजमा अडकला असता. आत्ता मेन स्विच बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत वापर झाला की बंदच ठेवा. पायाच्या बटणावरचं रबर भेगाळून आत खारं पाणी जातं आणि तेच काँटॅक्ट जोडतं, हे मुख्य कारण. तपासायचं असं, की सोलेनॉइडवरून बटणांच्या दोन्ही कंट्रोल वायरी काढा आणि हात लांब ठेवून मेन स्विच लावा. गप्प राहिला तर बटण बदला, त्याच्या खालची वायरही हिरवी झालेली असेल. वायरी काढूनसुद्धा फिरतोय तर सोलेनॉइडचे काँटॅक्ट चिकटून वेल्ड झालेत, डबाच बदलावा लागेल. आणि एक विचारतो, नांगर रुतला की तुम्ही विंडलासनेच बोट खेचता का? इंजिन चालू ठेवून बोट नांगरावर न्या, विंडलासने फक्त सैल साखळी गोळा करा, आणि रुतलेला नांगर सोडवायचा असेल तर साखळी क्लीटला बांधून इंजिनने सोडवा. काँटॅक्ट असे चिकटतात ते बहुतेक याच खेचाखेचीत.