आधी खरारा, मग खोगीर

प्रश्न : आमच्या आजोबांचा कोल्हापुरात टांगा होता, स्टेशन ते महाद्वार. शाळा सुटली की मी थेट घोड्याजवळ. त्याच्या खाण्याची चंदी भिजवायची, ती भरलेली पिशवी म्हणजे तोबरा तोंडाला बांधायचा, अंग घासून खरारा करायचा, रविवारी पितळी घुंगरं चिंचेनं घासायची. आता माझी लेक सात वर्षांची आहे. कावळा नाक्यावरून जाताना ताराराणींच्या पुतळ्याचा घोडा ती मान वळवून बघते, वहीत काढतेही. म्हणून गेल्या रविवारी रंकाळ्यावर तिला घोड्यावर बसवलं. घोड्यानं मान झटकली आणि ही जी किंचाळली, ती घर येईपर्यंत थांबली नाही. आता घोडा म्हटलं की आईमागं लपते. माझा नाद तिला कसा लागायचा?
– एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. चंदी आली, खरारा आला, चिंचसुद्धा आली. पण आजोबांनी तुम्हाला पाठीवर पहिल्यांदा कधी बसवलं, ते कुठंच नाही. म्हणजे तुमचा नाद जमिनीवर सुरू झाला आणि लेकीला मात्र तुम्ही एकदम खोगिरावर चढवलंत.

माझंही असंच फसलंय. जनावरांच्या डॉक्टरचा पोरगा घोड्याला भितो म्हणजे काय, या हट्टापायी थोरल्याला पन्हाळ्यावर, तो नको नको म्हणत असताना, तट्टावर बसवलं. तट्टू गरीब होतं, पोरगा रडलाही नाही. पण फेरी संपेपर्यंत घोड्याकडं न बघता माझ्याकडंच बघत राहिला. आज तो चाळिशीचा आहे. बुलेटवर जीव टाकतो, घोड्याचं नाव काढत नाही.

तेव्हा पुन्हा रंकाळ्यावर जा, पण गर्दी नसताना, सकाळी. आधी तुम्ही एकटे घोडा बघून या. खोगिराखाली जखम असेल, लंगडत असेल, तर तिथून परत फिरा. घोडा चांगला असेल तर मालकाला फेरीचे पैसे द्या आणि फेरी घेऊ नका. खरारा करू द्या म्हणावं. तो हसेल. हसू दे.

लेकीला खांद्याच्या बाजूनं न्या, बोलत बोलत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला चौफेर दिसतं, पण शेपटीमागचं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही. गाजर द्यायचं ते तळहात सपाट ठेवून, अंगठा चिकटवून. तोंडाखालचं त्याला दिसत नसल्यानं तो ओठांवरच्या केसांनी चाचपतो. त्या गुदगुल्यांना ती हात मागं घेईल, गाजर खाली पडेल. पडू दे, दुसरं द्या. मान का झटकली, हेही तिथंच सांगा : बहुतेक वेळा माशी असते. कान पुढं असले तर तो काहीतरी ऐकतोय, मागं चपटे दाबले तर आपण लांब व्हायचं. चित्रं काढणारी पोर आहे, कान तिच्या लगेच ध्यानात येतील.

मग मानेवर, खांद्यावर हलका खरारा. जागा बरोबर सापडली की घोडा मान लांबवतो, वरचा ओठ पुढं काढून थरथरवतो. हे मी तुम्हाला काय सांगायचं! तिला मात्र आधी सांगून ठेवू नका, तिचं तिला दिसू दे. आजोबांच्या गोष्टीही तूर्त आवरा. पोरांना बापाच्या लहानपणाचा फार लवकर कंटाळा येतो.

पाठीवर बसायचं तिनं स्वतः मागितलं तरच, डोक्याला नीट बसणारं हेल्मेट घालून आणि मालकानं लगाम हातात धरलेला असताना. मागितलंच नाही तर चित्रं आहेतच. टांग्याची घुंगरं अजून माळ्यावर असतील तर एक दिवस खाली काढा आणि थोडी चिंच भिजत घाला.

आणि हो, वहीतल्या घोड्याचे कान पुढं आहेत की मागं, तेवढं कळवा.